रनच्या वर कलर

मनोहरमामा गेल्याचा फोन मला अकोल्याहून आला नाही, वलगावहून आला. सकाळचे साडेसात वाजले असतील. मी कॉलेजला निघायच्या घाईत होते. पलीकडून दौलतकाका बोलत होते. ऐंशी ओलांडलेला हा फौजी माणूस एरवी फोनवर ओरडून बोलतो, पण त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मी दोनदा "कोण?" म्हणून विचारलं. "मास्तरीनबाई, आज मनोहर येनार नाई..." एवढंच ते म्हणाले आणि थांबले. गुरुवार होता. दर गुरुवारी मामा अकोल्याहून सकाळची बस धरून अमरावतीला यायचे आणि इथून वलगावला जायचे. आदल्या दिवशी त्यांनी पिशवी भरून ठेवली होती. पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, सगळ्यात आधी वलगावला कळवलं, कारण दौलतकाका अकरापासून स्टँडवर उन्हात उभे राहिले असते. मग बाकीच्या नातेवाइकांना फोन केले. पहिला फोन मित्राला गेला याचं आम्हा कोणालाच काही वाटलं नाही. पाच वर्षांपूर्वी असं होईल म्हणून कोणी सांगितलं असतं, तर मामांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कारण त्या दोघांमध्ये त्याआधी तेहतीस वर्षं एका शब्दाचं बोलणं नव्हतं.

मनोहरमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. अकोल्यात एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. उंच, हाडापेरानं मोठे, बोलायला तोडून टाकणारे. यंत्राजवळ न जाता, नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचे आणि ते खरं व्हायचं. कदाचित त्यामुळेच असेल, आपलं चुकू शकतं ही गोष्ट त्यांना फारशी माहीत नव्हती. हंगामात दुपारच्या सुटीत कामगार कापसाच्या गठाणीवर पत्ते मांडून तीन पत्ती खेळायचे. पैसा लावायचा नाही हा मामांचाच नियम. पैशाच्या जागी सरकी. मूठ मूठ सरकी घेऊन बसायचं आणि उठताना परत ढिगात टाकून द्यायची. कोणाचा हात मोठा यावर तंटा झाला की मामांना हाक जायची. तीन सारखी पानं आली तर ट्रेल, ती सगळ्यांत वर. मग पक्की रन, म्हणजे ओळीनं आलेली आणि एकाच रंगाची पानं. मग साधी रन, तिच्याखाली कलर, म्हणजे एका रंगाची पण ओळीत नसलेली पानं, मग जोडी. मामांनी निकाल दिला की संपलं. सुटीत मी अकोल्याला गेले की मामांसाठी डबा घेऊन जायचे, तेव्हा गठाणीवर बसून हे सगळं पाहिलेलं आहे.

त्या गठाणीवर मामांच्या शेजारची जागा दौलतकाकांची होती. बुटके, काटक, मिशा फौजेतून निवृत्त होऊन आल्या तशाच राखलेल्या. वलगावचे. जिनिंगवर ते चौकीदारीला लागले आणि दोघांचं असं जमलं की मामींना हसू यायचं. जेवायला बसले की दोघांचे डबे एकत्र. दौलतकाकांच्या घरच्या भाकरीवरचा ठेचा मामा आधी संपवायचे. ते बौद्ध, आमचं घर कुणब्याचं, आणि त्या काळी आमच्या नात्यातल्या काही लोकांनी यावरून नाकं मुरडली तेव्हा मामांनी त्यांना घरी येऊन बोलायला सांगितलं होतं. कोणी आलं नाही. दौलतकाका मात्र घरी यायचे, मला खांद्यावर घेऊन रेल्वेच्या पुलापर्यंत न्यायचे. मग एका वर्षी सुटीत गेले तर ते दिसेनात. मी विचारलं, "मामा, दौलतकाका कावून येत नाई?" मामा यंत्राचा पाना पुसत होते. "गेला थो. पत्त्यावरून बिघडलं," ते म्हणाले. पुढे कोणी विचारलं की आमच्या घरात हेच उत्तर होतं. मीही कितीजणांना सांगितलंय... पत्त्यावरून बिघडलं. आम्ही सगळे चिखलदऱ्याला जायचो तेव्हा वाटेत वलगाव आलं की मामा डोळे मिटून घ्यायचे. गाव मागे पडलं की त्यांना जाग यायची.

पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांची नात ईशा, मुलीची मुलगी, बेंगळुरूहून महिनाभर अकोल्याला राहायला आली. तेरा वर्षांची. मामी जाऊन वर्ष झालं होतं, प्रशांत दिवसभर नोकरीवर. घरात ही मुलगी आणि मामा. तिचं मराठी वेगळं, त्यांचं वेगळं. "काय करून राहिली वं?" असं ते मायेनं विचारायचे आणि तिला वाटायचं आजोबा रागावले. शेवटी तिनं बॅगेतून पत्त्यांचा कॅट काढला. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती पोकर शिकली होती. मामांचा चेहरा खुलला. पत्ते म्हणजे त्यांचं घरच. पाच पानं वाटायची, त्यातून हात जमवायचा, हे त्यांना दोन डावांत कळलं. तिसऱ्या डावात मामांनी पाच पानांची रन उघडली आणि पानं गोळा करायला हात पुढे केला. ईशा म्हणाली, "थांबा आजोबा, माझा कलर आहे. कलर रनच्या वर असतो."

मामा आधी हसले. मग म्हणाले, "कोन सांगतलं तुले?" ती म्हणाली, "असंच असतं." "असं नसते. जल्मभर मी निकाल देल्ला हाये." "पण आजोबा, तुम्ही चुकीचा दिला असेल." पोरगी सहज बोलली. मामांनी पानं खाली ठेवली आणि उठून अंगणात गेले. जेवायलाही आत आले नाहीत. ईशानं रडत मला फोन केला की आजोबा माझ्याशी बोलत नाहीयेत, मी काय केलं? दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "मास्तरीन, तू आकडेवारी शिकवते न पोराईले? मंग सांग. रन मोठी का कलर?" मी परीक्षेचे पेपर तपासत होते. म्हटलं, "मामा, ज्या त्या खेळाचा आपापला रिवाज असते. त्यात खरं-खोटं काय?" संख्याशास्त्र शिकवण्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईचं हे उत्तर होतं. आजही आठवलं की कानकोंडं होतं. मामांनी फोन ठेवून दिला.

उत्तर त्यांना ईशाकडूनच मिळालं. तिला तिच्या मैत्रिणीच्या भावानं सांगितलं होतं की जो हात कमी वेळा जमतो तो मोठा, बाकी काही नाही. मग प्रशांतला त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. "मोजून पाहू," म्हणाले. सूत्रं-बित्रं त्यांना माहीत नव्हती. सातवी पास माणूस. पण यंत्र खोलावं तसा त्यांनी कॅट खोलला. रनचा हिशेब लवकर झाला. चव्वी, पंजी, छक्की घेतली, तर प्रत्येक पानाला चार रंग, म्हणजे चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. त्यातल्या चार पक्क्या, त्या काढल्या की साठ. अशा बारा ओळी. सातशेवीस. कलर मात्र त्यांनी खरोखरच मांडला. बदामाची तेरा पानं सतरंजीवर ओळीनं लावायची, तीन उचलायची, वहीत लिहायची, परत ठेवायची. एका रंगात दोनशे शहाऐंशी तऱ्हा निघाल्या. पक्क्या वजा केल्या, चार रंगांचे मिळून एक हजार शहाण्णव. म्हणजे तीन पानांत रन कमी वेळा येते, कलर जास्त वेळा. मामांचा जन्मभराचा निकाल बरोबर होता. ईशा सांगते, त्या दिवशी आजोबांनी तिला रसवंतीवर नेऊन दोन ग्लास रस पाजला.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच पानं मांडायला घेतली. तेरांतून पाच उचलायची आणि प्रत्येक तऱ्हा लिहायची. दुपारी कूलर लावून दोघं आजोबा-नात सतरंजीवर बसायचे. ती वाचून दाखवायची, ते लिहायचे. जवळपास पंधरा दिवस चाललं हे. घरात एकमेकांचं न समजणारी ती दोघं या पंधरा दिवसांत कशी बोलायला लागली ते प्रशांतनं मला सांगितलं. पोरगी "मले" आणि "तुले" म्हणायला लागली होती. एका दुपारी मामांचा फोन आला. "मास्तरीन, लिवून घे. एका रंगात पाच पानाच्या बाराशे चौऱ्याऐंशी तऱ्हा." मी कागदावर सूत्र मांडलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, बाराशे सत्त्याऐंशी. मी म्हटलं, "मामा, तीन राहून गेल्या." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चूक दाखवत होते. ते रागावले नाहीत. "असंन," म्हणाले. दोन दिवसांनी परत फोन. "सापडल्या तिन्ही. गुलामाजवळ पान पलटतानी दोन ओळी सुटल्या, आन एक मी झोपेत खाल्ली." मग थोडं थांबून म्हणाले, "पाच पानाची रन दहा हजार दोनशे बार येते. कलर पाच हजार एकशे आठ. कलर मोठा हाये, मास्तरीन. तीन पानात रन मोठी, पाच पानात कलर मोठा. दोन्ही खरे..." आणि मग ते रडायला लागले. मला वाटलं पोरीसमोर हरले म्हणून. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर म्हणाले, "थे नाई वं. दौलत खरा व्हता."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की जिनिंगवर काय झालं होतं. एका दुपारी मामांची रन होती आणि दौलतकाकांनी कलर उघडून सरकी ओढली. म्हणाले, फौजेत आम्ही खेळायचो तेव्हा कलर रनच्या वर होता. सगळे हसले. निकाल मामांकडे आला. त्यांनी रन मोठी सांगितली, दौलतकाका ऐकेनात, शब्दाला शब्द वाढला, आणि मामांनी त्यांना पंधरा माणसांसमोर खोटारडा म्हटलं. मामांनी मला एवढंच सांगितलं. दौलतकाकांनी ओंजळीतली सरकी ढिगावर ठेवली, उठले, आणि आठ दिवसांत नोकरी सोडून वलगावला परत गेले. फौजेतला खेळ पाच पानांचा होता हे मामांना त्या वेळी सुचलंही नव्हतं. आता सुचलं होतं, आणि मोजलेलं होतं. "मले वलगावले ने," ते म्हणाले.

ईशाची सुटी संपायच्या आधीच्या रविवारी ती दोघं बसनं अमरावतीला आली. मी गाडी काढली. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वही मांडीवर. वलगाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण खिडकीच्या काचेवर बोटं टेकवून ठेवली होती. घर विचारत विचारत गेलो. दौलतकाका ओट्यावर सुपात तूर निवडत होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, बाकी तेच. त्यांनी वर पाहिलं. मामा फाटकाशी उभे. ईशा पुढे झाली आणि म्हणाली, "तुम्हीच का कलरवाले आजोबा?"

दौलतकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. "कोन म्हनते असं?" "आजोबा. ते म्हणाले तुम्ही बरोबर होता." दौलतकाकांनी सूप बाजूला ठेवलं आणि ओट्यावर जागा केली. मामा बसले. वही उघडली आणि नव्या मुनिमानं समजवावं तसं समजवायला लागले, की पाह्य, ही पाच पानाची रन, हा कलर, तू खरा व्हता, मले त्या वक्ती समजलं नाई. दौलतकाका पान न् पान उलटत होते. बोट फिरवत होते त्या ओळींवरून. "इतकं लिवलं तू?" म्हणाले. मग वही मिटली.

"मनोहर, पत्त्याचं मी त्याच हप्त्यात इसरलो. मलेबी मालूम व्हतं का अठी तीन पानं हायेत."

"मंग गेला कावून?"

"तुले याद नाई?"

मामांनी मिटलेली वही आपल्या मांडीवर ओढून घेतली.

"तू म्हनला, तुमच्यात असंन तसं, अठी नाई चालत."

ईशा माझ्याकडे बघायला लागली, तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मामांनी खाली मान घातली होती. "मी फौजेचं म्हनलो व्हतो..." ते पुटपुटले. दौलतकाका नुसतं "मनोहर" म्हणाले. तेवढ्यानं मामा थांबले. मग म्हणाले, "मी तुया डब्यातलं खात व्हतो रे."

"खात व्हता. म्हनूनच लागलं. दुसरा कोनी म्हनला असता तं तठीच दोन हात केले असते मी. तुयावर हात उचलता येत नोव्हता, म्हनून गाव सोडलं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग मामा म्हणाले, "याद हाये मले. रोज याद व्हतं. लोकाईले मी पत्त्याचंच सांगत आलो." आणि मग, "चुकलं मायं." हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकले नव्हते. दौलतकाकांनी लगेच काही क्षमा-बिमा केली नाही. त्यांनी सुपातल्या तुरीतून एक खडा काढून अंगणात फेकला. दुसरा काढला. मग आतल्या बाजूला वळून सुनेला हाक मारली, "चहा ठेव वं चौघाईचा. आन भाकर टाक. हे लोकं जेवून जातीन."

परतीच्या वाटेवर मामांनी वही परत मांडीवर घेतली होती. अमरावती जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तरीन, बाराशे सत्त्याऐंशी ओळी लिवल्या, पन मी बोललेलं थे एक वाक्य काई लिवता आलं नाई." मी गाडी चालवत होते, त्यामुळे त्यांच्याकडे बघावं लागलं नाही, हे बरंच झालं. कारण मीसुद्धा "पत्त्यावरून बिघडलं" म्हणणाऱ्यांतलीच होते आणि मीसुद्धा कधी पुढचं विचारलं नव्हतं.

त्यानंतरची पाच वर्षं गुरुवार वलगावचा. एक डाव तीन पानांचा, एक पाचांचा, असं त्यांचं ठरलं होतं. मोजण्याचा नाद मात्र मामांना लागला तो लागला. त्यांच्या लक्षात आलं की ट्रेल बावन्न तऱ्हांनी येते आणि पक्की रन अठ्ठेचाळीसच. म्हणजे खरं तर पक्की रन वर हवी. त्यांनी हे दौलतकाकांना सांगितलं आणि आपल्या घरापुरता नियम बदलू म्हणाले. दौलतकाका कबूल होईनात. "आता चार तऱ्हेसाठी नवा कायदा नको काढू. लोकं इचारतीन तं काय सांगू?" यावर दोघांचं महिनाभर चाललं आणि मामांनी, चक्क, माघार घेतली. पण दुसऱ्या एका बाबतीत माघार नव्हती. गेल्या वर्षी नात्यातल्या एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पंगतीला कोणीतरी कोणाबद्दल म्हणालं, त्याईच्यात चालते तसं. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "त्याईच्यात म्हंजे कोनाच्यात? नाव घेऊन बोल." तो माणूस सारवासारव करायला लागला तसे मामा म्हणाले, "मी बोललेलो हाये असं एकदा. तेहतीस वर्सं गेली मायी." आणि भरल्या पंगतीत त्यांनी सगळं सांगितलं, दौलतकाकांच्या नावासकट, स्वतःचं वाक्यही जसंच्या तसं.

अकोल्याला अंत्ययात्रेत दौलतकाका आले होते. एवढ्या वयात खांदा देऊ नका म्हणून सगळे सांगत होते, त्यांनी ऐकलं नाही. ईशा आता अठरा वर्षांची, ती त्यांच्या बाजूनं चालत होती, त्यांचा दुसरा हात धरून.

परवा मी वलगावला जाऊन आले. गुरुवार मुद्दाम टाळला. दौलतकाकांनी मला आतल्या खोलीत नेलं, जिथे ते दोघं बसायचे. खोलीत एक दिवाण आहे. त्याच्या चारही पायांखाली दोन दोन विटा. मी विचारलं, तर सूनबाई सांगायला लागल्या. गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवाण बुटका, बसले की त्यांना उठता येईना, कोणीतरी हात द्यावा लागे आणि ते त्यांना आवडत नसे. पुढच्या गुरुवारी मामा आले तेव्हा दिवाण वर चढलेला होता. दौलतकाकांनी विटा एकट्यानं लावल्या होत्या, कोणाला सांगितलंही नव्हतं. मामा म्हणे बसले, उठले, परत बसले. "आता बाबांले सोताले चढता येत नाई त्याच्यावर," सूनबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, इटा काढू का? तं नाई म्हनतात."

"राहू दे," दौलतकाका म्हणाले. त्यांनी भिंतीला हात टेकला, एक पाय विटेवर दिला आणि नेट लावून वर बसले. चहा आला. मी खुर्चीवर होते. ते दिवाणाच्या एका कडेला सरकून बसले होते. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते, वीतभर वरच लोंबत होते. बोलता बोलता ते शेजारच्या मोकळ्या जागेवरची चादर हातानं सारखी करत राहिले.